लाज वाटेल एवढा संकल्प

मंठ्याच्या आमच्या शाळेत अर्धा प्यालेला चहाचा कप कुठंही सापडला, तरी तो कुणाचा हे विचारावं लागत नसे. सातवीच्या खिडकीत, हातपंपाच्या कट्ट्यावर, प्रयोगशाळेतल्या तराजूच्या पारड्यात, एकदा तर झेंड्याच्या चौथऱ्यावर. मधल्या सुट्टीनंतर आमचे शिपाई शेषरावमामा ट्रे घेऊन, कापूस वेचायला निघाल्यासारखे निघायचे. परत आले की स्टाफरूमच्या दारात उभं राहून म्हणायचे, "मगरे मॅडमचं पीक यंदा लई चांगलं हाय."

मगरे मॅडम म्हणजे रत्नमाला मगरे. विज्ञान शिकवायची. अंगानं उंच, चालणं म्हणजे अर्धं पळणंच. अंबाड्यात दोन-तीन पेन खोचलेली असायची आणि समोर येईल त्याला विचारायची, "पेन हाय का हो?" एका वर्गाच्या दारात सुरू केलेलं वाक्य ती पुढच्या वर्गाच्या दारात पूर्ण करायची. ऐकणाऱ्याला ते ऐकायचं असेल तर त्यानं मागोमाग जावं. पण एखाद्या गोष्टीनं तिचं मन धरलं की मग मात्र तिला तास संपल्याची घंटा ऐकू येत नसे. एकदा ती माशीचा डोळा शिकवत असताना हिंदीचे सर दाराशी उभे राहून राहून कंटाळले आणि शेवटी मुलांच्या बाकावर जाऊन बसले. पुढं आठवडाभर ते आम्हाला माशीच्या डोळ्याबद्दल सांगत होते.

मुलं तिला भिरभिरं म्हणायची. वाऱ्यावर फिरणारं, कागदाचं. त्यात माया होती. मोठ्यांनी तिला जी नावं ठेवली, त्यांत माया नव्हती. धांदरट, वेंधळी, बिनडोक. लग्न झालं होतं, ते फार टिकलं नाही. त्याबद्दल एकदाच बोलली, तेही तूर निवडता निवडता. "त्यांनला घरात बायको पाहिजे होती बाई. माझ्यासंगं वावटळ आल्ती."

मी मराठी शिकवायची. तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अगं-तुगं करायची आणि ती मला जोशीबाई म्हणायची. आम्ही एकाच घराच्या दोन भागांत भाड्यानं राहत होतो, मधे एक भिंत. माझ्या स्वयंपाकघरात डबे उंचीप्रमाणे उभे असतात आणि झाकणं त्याच डब्यांची असतात. अशा बाईच्या शेजारी देवानं रत्नमालेला आणून ठेवलं, यात त्याला काहीतरी गंमत वाटली असणार. रोज सकाळी भिंतीपलीकडून दूध करपल्याचा वास यायचा. मी लाटणं घेऊन भिंतीवर ठोकायची, "दूध!" पलीकडून आवाज यायचा, "गेलंच बाई!"

दर एक जानेवारीला ती संकल्प करायची. एकदोन नव्हे. पहाटे उठणं, योगासनं, इंग्रजी, वजन, कपाट आवरणं, रोज पेपर वाचणं, चिडायचं नाही. मोठ्या कागदावर रंगीत पेनांनी लिहून तो दारामागं चिकटवायची आणि सगळ्या स्टाफला बोलावून दाखवायची. आम्ही चहा पिऊन वाहवा करायचो. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन जायची तोवर कागदाची दोन टोकं सुटलेली असायची. फेब्रुवारीत तो कागद खाली पडायचा आणि पुढं कशाच्या तरी खाली अंथरलेला दिसायचा. मी चिडवायची, तीही हसायची. पण एकदा हसता हसता म्हणाली, "दर साली मी मलाच नापास करते बाई." ते काही हसण्यासारखं नव्हतं.

मग ते प्रशिक्षण आलं. वर्गातल्या वेगळ्या मुलांना कसं ओळखावं, याबद्दल तालुक्यातल्या शिक्षकांसाठी होतं. एक तरुण बाई पडद्यावरचं वाचून दाखवत होत्या. एकाच जागी बसणं जड जातं. वस्तू हरवतात. सुरू केलेलं काम अर्ध्यात राहतं. दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर येतं. आवडीच्या कामात मात्र भान राहत नाही. तेवढ्यात रत्नमाला मोठ्यानं म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही माझंच वर्णन करून राह्यल्या!" सगळा हॉल हसला. त्या बाई हसल्या नाहीत. चहाच्या वेळी त्या तिला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत राहिल्या.

त्यानंतर ती जालन्याला डॉक्टरांकडं गेली. मी सोबत गेले, कारण ती एकटी गेली असती तर परभणीला उतरली असती. डॉक्टरांनी शाळकरी वयापासूनचं सगळं विचारलं. तास झाला, मी बाहेर बाकावर बसून होते. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर मोसंबीच्या बागा मागं पडत होत्या. मग एकदम म्हणाली, "नाव हाय बाई त्याला. एडीएचडी. मोठ्यांनलाबी असतं."

"मग बरं झालं की, कळलं ते."

"मी आळशी न्हाई, जोशीबाई." आणि ती रडायला लागली. "माझी माय म्हणायची आळशी, मास्तर म्हणायचे, नवरा म्हणायचा. मीबी म्हणायची. मी आळशी न्हाईच." मी तिचा हात धरला. पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीनं मागं वळून बघितलं, पिशवीतून एक मोसंबी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

शाळेत तिनं ही गोष्ट लपवली नाही. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, आमच्या टायमाला असलं काही नव्हतं बुवा." रत्नमाला म्हणाली, "होतं ना सर. मीच होते."

डॉक्टरांनी तिला औषधाचं पुढं बघू म्हणून सांगितलं होतं. आधी सवयी, आणि एका वेळी एकच. पण त्या 'एकच'चं पुढं तिनं जे केलं ते तिचं स्वतःचं. एक जानेवारीशी तिनं फारकत घेतली. तिच्या घरात खरा वर्षाचा दिवस बुद्धपौर्णिमेचा. शाळेला सुट्टी, पांढरी साडी, विहारात वंदना आणि मग सगळ्यांना खीर. त्या वर्षी खिरीसाठी म्हणून मीही गेले होते. मेणबत्त्यांच्या उजेडात ती माझ्या कानाशी लागली.

"बाई, यंदा माझा एकच संकल्प हाय. घराची चावी हरवायची न्हाई."

"बस? एवढंच?"

"बघा, तुम्हाला हसू आलं. मला सांगतानी लाज वाटून राह्यली. म्हंजी बराबर मापाचा हाय."

ही तिची फूटपट्टी. संकल्प एवढा बारका पाहिजे की चारचौघांत सांगायची लाज वाटावी. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "मोठा केला की लोक वाहवा करतेत. अन् वाहवा भेटली की काम झाल्यावानीच वाटतं. बारक्याला कुणी वाहवा करत न्हाई. मंग करावाच लागतो." मी इतकी वर्षं मुलांकडून 'माझा नवा संकल्प' हा निबंध लिहून घेतला, पण असं वाक्य एकाही वहीत सापडलं नव्हतं.

चावीसाठी तिनं काय करावं? घरात शिरली की चप्पल काढायची आणि चावी डाव्या चपलेत टाकायची. पुन्हा बाहेर पडताना पाय घातला की चावी टोचलीच पाहिजे. रोज सकाळी ती दारात एका पायावर नाचताना दिसायची, "आई गं! सापडली!" पण वर्षभरात कुलूप फोडणाऱ्याला बोलवावं लागलं नाही. "आठवण डोक्यात ठेवायची न्हाई बाई," ती सांगायची, "वाटंत ठेवायची. डोक्यात लई गर्दी हाय."

दुसऱ्या वर्षीचा संकल्प ऐकून तर मला ठसकाच लागला. दिवसाला एक कप चहा, बसून, शेवटच्या घोटापर्यंत. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या बाकावर बसायची. एक पाय असा हलायचा की हेडमास्तर सही करताना टेबल धरून ठेवत. मधेच अर्धी उठायची, माझ्याकडं बघायची, पुन्हा बसायची. कधीकधी सरळ निघून जायची आणि थोड्या वेळानं येऊन सांगायची, "मोडला बाई आज."

"मग आता?"

"मंग काय? दूध उतू गेलं म्हून कुणी दूधवाल्याला बंद करतं का? उद्या पुन्हा." आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच पुन्हा बसायची. माझं मात्र तसं नाही. माझा एक उपास मोडला की मी पुढचे सगळे सोडून देते. हळूहळू सगळी स्टाफरूमच तिच्याबरोबर बसून चहा प्यायला लागली. शेषरावमामांनी रिकामा ट्रे दाखवून जाहीर केलं, "यंदा पीक बुडालं."

इथवर सगळं चपलेचं आणि चहाचं होतं. चुकलं तर हसून सोडून द्यावं असं. तिची आई राहायला आली आणि ते दिवस संपले.

कुंभार पिंपळगाव या गावी गयाबाई एकट्या राहायच्या. पाठीला जरा पोक, बोलणं मोजकं. रक्तदाब वाढला, एकदा शेतातच घेरी आली, म्हणून रत्नमाला त्यांना घेऊन आली. लेकीचं घर बघून त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हे घर हाय का बाजार उठल्यावरची जागा?" आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं रमल्या. त्यांचा नेम ठरलेला. ऊन अंगणात आलं की अंघोळ, धुतलेलं लुगडं, मग बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावून वंदना. त्याआधी पाण्याचा घोटही नाही. शेजारणीचं नाव त्या विसरत, जेवल्या की नाही हे विसरत, वंदना कधी नाही. संध्याकाळीही तसंच.

त्यांना रोज सकाळी एक गोळी असायची. ती द्यायचं काम रत्नमालेचं. उन्हाळा लागायच्या सुमारास एका सकाळी तिनं गोळी दिली, पेन शोधायला आत गेली, बाहेर आली तर हातात गोळ्यांचं पाकीट. दिली नाही असं वाटून पुन्हा दिली. गयाबाईंनी घेतली. मागाहून विचारलं तर म्हणाल्या, "लेक देऊन राह्यली म्हून घेतली." दुपारी चक्कर येऊन न्हाणीत पडल्या. मनगट मोडलं.

धाकटा भाऊ सिद्धार्थ पुण्याहून आला. तिथं एका कचेरीत नोकरीला, सरळ माणूस, बहिणीवर जीव असलेला. आईचं प्लास्टर बघून तो ओट्यावर येऊन बसला. मी माझ्या दारात मेथी निवडत होते. भिंत मधे असली तरी आमच्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ताई, तू वाईट न्हाईस. पण तुझ्याच्यानं हे व्हायचं न्हाई. मी आईला घेऊन जातो."

आतून गयाबाई म्हणाल्या, "मला न्हाई जायचं. तिथं कोण हाय माझं? लिफ्टमधी बसून खाली यायचं अन् पुन्हा वर जायचं."

बरंच बोलणं झालं. शेवटी सिद्धार्थनं पुढच्या उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली. "तवर बघू. पण पुन्हा असं झालं तर मी इचारायला थांबणार न्हाई, ताई." तो गेला तरी रत्नमाला ओट्यावर बसून राहिली. तिला इतकी स्थिर बसलेली मी चहाच्या कपाशिवाय पहिल्यांदाच बघत होते.

"बाई, लोक हसले तर मला काय वाटत न्हाई," ती म्हणाली. "पण माझ्या हातानं माझी माय पडली."

मला फार वाईट वाटलं. म्हणून मी म्हटलं, "अगं, मी आहे ना शेजारी. मी देत जाईन गोळी रोज." मी दिलीही असती, घड्याळ लावून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "तुम्ही द्याल बाई. बराबर द्याल. पण मंग आई माझ्याकडं न्हाई, तुमच्याकडं राह्यल्यावानी होईन."

त्या पौर्णिमेचा संकल्प तिनं सांगितला नाही, तरी मला माहीत होता. पण करायचं कसं? मोबाइलमध्ये गजर लावला. गजर वाजायचा, ती "देते, देते" म्हणत तो बंद करायची आणि वाटेत तिला कोळ्याचं जाळं दिसायचं. सात वारांच्या सात खणांची डबी आणली. पहिल्या आठवड्यात भरली, दुसऱ्यात भरायची राहिली, तिसऱ्यात त्या डबीत सात जातींची बियाणं घालून ती सहावीच्या वर्गात घेऊन गेली. त्या दिवसांत गोळी चुकायची नाही ती केवळ आमच्या धास्तीमुळं. भिंतीवर लाटणं ठोकून मी आता दोन गोष्टी विचारायची. "दूध! गोळी!"

मग एका सकाळी ती आईच्या मागं येऊन बसली. चहा बसून प्यायची सवय अशी कामाला आली. गयाबाईंनी पदर घेतला, मेणबत्ती सरळ केली आणि नेहमीप्रमाणे हात पुढं केला, "काडीपेटी दे गं." रत्नमालेनं काडीपेटी दिली, आणि तिथून उठून ती थेट माझ्या दारात.

"बाई, सापडली! आईची वाट काडीपेटीवरून जाती!"

तेव्हापासून संध्याकाळची वंदना झाली की ती दुसऱ्या दिवशीची एक गोळी, वेष्टणासकट कात्रीनं कापून, काडीपेटीत काड्यांवर ठेवायची. सकाळी गयाबाईंनी पेटी उघडली की आधी गोळी हातात. ती समोर ठेवायची, मेणबत्ती लावायची, वंदना करायची, मग पाणी आणि गोळी. पेटीत गोळी दिसली तर घ्यायची राहिली, नसली तर घेतली. कुणालाच काही लक्षात ठेवायला नको. सिद्धार्थ फोनवर म्हणाला, "काडीपेटीत? ताई, ही काय औषध ठेवायची जागा हाय का?" पण गयाबाईंना ती युक्ती आवडली. सकाळी भिंतीपलीकडून काडी ओढल्याचा आवाज आला की मी निश्चिंत व्हायची. दूध मात्र उतू जातच होतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. हिवाळ्यात सिद्धार्थ जवळपासच्या एका लग्नासाठी आला आणि बहिणीकडं उतरला. शनिवार होता, सकाळची शाळा. ऊन यायच्या आत आम्ही दोघी बाहेर पडलो तेव्हा गयाबाई अजून अंथरुणातच होत्या. पहिल्या तासाला माझा आठवीत धडा चालला होता. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि रत्नमालेचं डोकं आत आलं. "बाई, माझ्या वर्गाकडं बघा, मेणबत्ती पेटलेली हाय!" एवढं बोलून ती गेली. मी शेजारच्या वर्गात धावले. टेबलावर जळती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा पेला, आणि सगळी मुलं ज्योतीकडं टक लावून बसलेली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम म्हणल्या, इझली की वरडा." तेवढ्यात ती विझली आणि सगळा वर्ग ओरडला.

झालं होतं असं की प्रयोगासाठी घरातून मेणबत्ती उचलताना तिनं शेजारची काडीपेटीही उचलली होती. वर्गात काडी काढायला पेटी उघडली, पाहते तर वर गोळी. मेणबत्ती पेटवून, पेला ठेवून, मुलांना काम देऊन मगच ती पळाली, एवढं मान्य करायला हवं. पण तिची स्कूटी शाळेतच राहिली. बसस्टँडवरून, बाजारातून, हातात काडीपेटी धरून ती पळत घरी गेली. अर्ध्या मंठ्यानं ते बघितलं.

घरात काय झालं ते मला गयाबाईंनीच सांगितलं. पुढं त्या ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. त्या अंघोळ करून मूर्तीपुढं बसल्या होत्या. काडीपेटी जागेवर नव्हती. सिद्धार्थ म्हणाला, "आई, गॅसचं लायटर देऊ का? न्हाईतर दुकानातून जल्दी पेटी आणतो." त्या म्हणाल्या, "नको. येईन ती." तो अस्वस्थ होऊन आत-बाहेर करत होता. गोळी कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं, पण पेटी कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. चहा नाही, पाणी नाही, आई तशीच बसलेली. तो मनात सगळं ठरवून मोकळा झाला असणार. तेवढ्यात दारात रत्नमाला. केस सुटलेले, नुसती मूठ पुढं केलेली.

गयाबाईंनी पेटी घेतली. गोळी समोर ठेवली, काडी ओढली, मेणबत्ती लावली आणि सगळी वंदना नेहमीच्या संथ चालीनं म्हटली. मागं बसून लेक धापा टाकत तेच म्हणत होती. मग पाणी आणि गोळी. आता सिद्धार्थनं तोंड उघडलं. "ताई, मी हेच म्हणत होतो..."

गयाबाईंनी हात वर केला. "सिद्धा, गोळी तू टायमावर देशील. बिलकुल चुकायचा न्हाईस. पण इसरल्यावर असं पळत कोण येईन रे माझ्यासाठी?"

सिद्धार्थनं दाराबाहेर नजर टाकली. मग म्हणाला, "ताई, गाडी कुठं हाय तुझी?" रत्नमाला म्हणाली, "गाडी होती का?" तो उठला, चालत शाळेत आला, माझ्याकडून कळलं तेवढं समजून घेतलं आणि स्कूटी घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात तो पौर्णिमेला आला, विहारात खीर खाल्ली, आणि पुण्याला एकटाच परत गेला.

त्यानंतर माझी बदली झाली. भोकरदनकडं, धावड्याला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निघताना रत्नमालेनं माझे डबे भरून दिले. एकाही डब्यावर त्याचं झाकण नव्हतं. पुढं फोनवर दर बुद्धपौर्णिमेला ती नवा संकल्प सांगायची. एका वर्षी, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं. तो मोडला की मधेच म्हणायची, "मोडला बाई, बोला तुम्ही." आईची गोळी तिनं संकल्पांत पुन्हा धरली नाही. ती आता रोजच्या वाटेतलीच झाली होती.

गयाबाई लेकीच्याच घरी राहिल्या. एका पहाटे झोपेतच गेल्या. मी गेले होते, पण त्या गर्दीत रत्नमालेशी बोलणं झालं नाही. तिनं मला नुसतं धरून ठेवलं.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला मी मुद्दाम मंठ्याला गेले. माझ्या भागात आता दुसरं कुणी राहतं. तिनं दार उघडलं, अंबाड्यातली पेनं होती तशीच, केस मात्र बरेच पांढरे झालेले. खीर गॅसवर होती आणि वासावरून मला ती केव्हाच कळली होती. मूर्तीशेजारी आता गयाबाईंचा फोटो. मी हात जोडले. तिनं मेणबत्ती लावायला काडीपेटी उघडली, आणि आत काड्यांवर एक गोळी होती. वेष्टणावरची अक्षरं पुसून गेलेली.

"ही कुणाची गं?"

"आईची. त्या दिवशीची." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "सांजच्याला ठेवली होती. सकाळी ती उठलीच न्हाई. मंग राहून गेली. पेटी सरली की नव्या पेटीत ठेवते."

पगाराच्या तारखा विसरणारी, माझ्याकडं छत्र्यांवर छत्र्या विसरलेली बाई. कितीतरी काडीपेट्या संपल्या असतील. एकदाही ती गोळी हलवायला विसरली नव्हती. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "आणि यंदाचा संकल्प?"

ती नखानं पेटीची कड खरवडत राहिली. "हसू नका."

"नाही हसत."

"ही गोळी पेटीतून काढायची. बस, एवढंच."

"सांगताना लाज वाटते ना?"

"लई वाटती बाई."

"मग बरोबर मापाचा आहे."

ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. माझेही भरले. "आताच काढू का?" तिनं विचारलं. बोटं पेटीत गेली होती.

"अख्खं वर्ष पडलंय की पुढं," मी म्हटलं. तिनं काडी तेवढी काढली आणि पेटी हळूच बंद केली.

संध्याकाळी मी जालन्याच्या बसमध्ये बसले. ती स्टँडपर्यंत पोचवायला येणार होती, पण शेजारची मुलं मध्येच चंद्राबद्दल काहीतरी विचारायला आली आणि मीच तिला राहू दे म्हणून निघाले. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी वळताना मागून हाक आली, "जोशीबाई! ओ बाई!" बाजाराच्या बाजूनं ती पळत येत होती, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत स्टीलचा डबा. ड्रायव्हरनं ओळखीचं हसून ब्रेक दाबला.

"खीर! भरून ठेवली अन् द्यायचीच इसरले!" तिनं धापा टाकत खिडकीतून डबा दिला. मी म्हटलं, "अगं, घर उघडं टाकून आलीस का?" तिनं डावा पाय वर करून दाखवला आणि तोंड वेडंवाकडं केलं. चावी टोचत होती.

गाडी निघाली. खिरीला करपल्याचा वास होता, आणि डब्यावर झाकण दुसऱ्याच डब्याचं. म्हणून धावड्याला पोचेपर्यंत तो मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.